नाक परत आलं ते नर्सरीत

तापानंतर आमच्या हिला कशाचाच वास येईना. तरी गुलाब हवा तो सुवासिकच, या हट्टाने बाई अकोल्याच्या नर्सरीत शिरली. एकेक कुंडी हुंगायची आणि मान हलवायची. नोकरीत मी एकही फाईल इतक्या निष्ठेने तपासली नाही.

नर्सरीवाला वैतागला. "काकू, हा बाराही महिने फुलते, रोग शिवत नाही याले. आणखी काय पाह्यजे?"

"वास."

शेवटच्या कुंडीवर वाकली आणि एकदम ताठ झाली. "याच्यावर औषध फवारलं न भाऊ?"

रोग न शिवणाऱ्या झाडाचा मालक जमीन न्याहाळू लागला. माझे डोळे भरून आले.

"रडता काहून?" ती म्हणाली. "वास येऊन राहिला मले! सरका, पयल्या कुंडीपासून पुन्हा हुंगते."