बाईंनी खिडकीतला तांब्या उचलला

मंडळी, आधी विचारपूस करतो, मग बोलतो.

काशीबाई, गुडघा कसा आहे? भिंतीला टेका, संकोच करू नका. कुलकर्णी सर, शुगर तपासली का? वरच्या खोल्यांतल्या पोरींनो, सकाळपासून पोटात काही गेलंय का? क्लास बुडवून आलात ना? बुडू द्या आज. श्रीकांतराव, तुमचे डोळे सांगतायत की तुमच्या मावशी, आपल्या कमलबाई, गेल्यापासून तुम्ही नीट झोपला न्हाईत.

तुम्ही म्हणाल, शोकसभेत म्हातारा हे काय लावून बसला? पण कमलबाईंचं पोस्टकार्ड असंच यायचं. सगळ्यांच्या हाती फोन आले तरी बाई कार्डच लिहायच्या. अर्धं कार्ड एकेकाच्या तब्येतीत संपायचं आणि मुद्दा शेवटच्या दोन ओळींत, बारीक अक्षरात. मला आज तोंड उघडायचं बळ होईना, म्हणून त्यांच्याच वाटेनं आत शिरलो.

श्रीकांतरावांनी माझ्यासमोर फोन ठेवलाय. माझं बोलणं त्यात भरून घेतायत. कुणासाठी, ते शेवटी सांगतो. आत्ताच सांगितलं तर मला पुढं बोलता यायचं न्हाई.

मी नामदेव मिस्त्री, उदगीरचा. शाळा चौथीपर्यंत. बाकीचं दगडानं शिकवलं. आपण बसलोय ते घर माझ्या हातचं. हे तुम्हाला माहीत आहे. बाईंचं याच्या आधीचं घर, गावाकडचं, तेही माझ्याच हातचं. हे बऱ्याच जणांना माहीत न्हाई.

ते घर भूकंपात पडलं. बाई शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी होत्या, म्हणून वाचल्या. त्यांचे यजमान, आमचे अण्णा, आत होते.

आज सगळ्यांसमोर सांगतो. दगडमातीची रुंद भिंत बांधताना मधेमधे आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो. तो आतली न् बाहेरली बाजू धरून ठेवतो. मी ते घातले न्हाईत. लांब दगड घडवायला वेळ लागतो. घाई होती, पुढचं काम वाट बघत होतं. भिंत वरून सरळ दिसत होती. ओळंबा लावला, बरोबर आला. ओळंब्याला आतलं कुठं दिसतं?

भूकंपानंतर मी थापी खाली ठेवली, बांधकाम सोडलं. बाईंच्या समोर जायचं टाळलं. त्या लातुरात राहायला आल्या, आणि एक दिवस उदगीरला माझ्या दारात उभ्या.

"मिस्त्री, घर बांधायचंय."

मी म्हणालो, "बाई, माझ्या भिंतीत लांब दगड नव्हते."

"माहीत आहे. ढिगारा मी बघितलाय."

"मग दुसरा माणूस बघा की!"

"दुसरा विसरेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही विसरणार नाही."

मंडळी, याला माफी म्हणायची की शिक्षा? मला अजून उलगडलं न्हाई.

हे घर बांधलं. सळई मी स्वतः मोजायचो, सिमेंट स्वतः चाळून बघायचो. मजूर माझ्या पाठीमागं हसायचे. वास्तुशांतीच्या दिवशी मी प्रत्येक खिडकीत एक पितळी तांब्या पालथा ठेवला, त्यावर एक, त्यावर फुलपात्र. भूकंपानंतर आपल्याकडं घरोघरी अशी उतरंड असायची. जमीन हलली की भांडी पडतात, आवाज होतो, माणूस बाहेर पळतो. मी बाईंना बजावलं, "याला हात लावायचा न्हाई."

बाईंनी खिडकीतला वरचा तांब्या उचलला. विसळला. माठातलं पाणी भरलं आणि माझ्या पुढं धरला.

"प्या. सकाळपासून उन्हात आहात."

"बाई, आणि जमीन हलली तर?"

"हलली तर हलेल. तुम्ही तुमचं काम केलंत. आता घराला घर राहू द्या."

मी पाणी प्यालो, पण ऐकलं न्हाई. घरी गेलो आणि माझ्या खिडकीत उतरंड तशीच ठेवली. खिडकीत आणि डोक्यातसुद्धा.

पुढं लातुरात क्लासचं वारं आलं. बाईंनी वरच्या खोल्या पोरींना दिल्या. माझी नात रेणू इथंच राहायला आली. तिला डॉक्टर करायचं, हे मी ठरवलेलं. तिला विचारलं होतं? न्हाई. माझ्या हातानं माणूस गेला होता, माझ्या घरातल्या कुणाच्या तरी हातानं माणसं वाचायला हवी होती. तो हिशेब माझा, आणि अभ्यास तिनं करायचा! भिंतीला वेळापत्रक मी चिकटवलं. उदगीरहून दर दोन दिवसांनी यायचो, क्लासच्या फाटकासमोर उभा राहायचो. पोरी तिला चिडवायच्या, "रेणू, तुझा वॉचमन आला गं!"

निकाल लागला. मार्क कमी. मी आलो तर खोली रिकामी.

"रेणू कुठं आहे?"

बाई म्हणाल्या, "नांदेडला गेली. विष्णुपुरीला, मैत्रिणीकडं."

विष्णुपुरी म्हणताच मला तिथलं इंजिनिअरिंगचं कॉलेज आठवलं न्हाई. मला तिथल्या धरणाचं पाणी आठवलं. आई-बाप बसलेत इथं, त्यांना सांगायला नको की निकालाच्या दिवशी या शहरात आपलं काळीज कुठं कुठं पळतं.

"तुम्ही जाऊ दिलं? एकटीला?"

"हो, जाऊ दिलं. माझ्याशी बोलून गेली. उद्या दुपारच्या बसनं येते म्हणाली."

"आणि न्हाई आली तर?"

मी चप्पल घातली. बाई दारात आल्या.

"मिस्त्री, तिनं पोचल्यावर फोन केलाय, मैत्रिणीच्या आईशी मी बोललेय. आज तुम्ही तिथं जाऊन उभे राहिलात तर ती तुमच्या मागं येईलही. पण परत कधी मला सांगून जाणार नाही. बसा."

आणि तोच तांब्या भरून आणला. मंडळी, मी बघितलं, तांब्यातलं पाणी हलत होतं. माझ्या हातचं घर, जागचं हललं न्हाई. हलत होते ते बाईंचे हात. तोवर मला वाटायचं, बाईंना भीती न्हाईच. लई होती. माझ्याइतकीच होती. फक्त ती भीती त्या दुसऱ्याच्या गळ्यात बांधत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं रेणू आली. माझ्यासमोर उभी राहिली, म्हणाली, "आजोबा, मला डॉक्टर नाही व्हायचं. मला सिव्हिलला जायचंय. घरं बांधायचीत."

त्याच धंद्यात? ज्यानं माझा जीव आतून पोखरला, त्याच धंद्यात ही पोर? मी म्हणालो, "मग मला तोंड दाखवू नको."

म्हणालो मी असं. बाईंच्या याच ओसरीत म्हणालो.

ती विष्णुपुरीलाच शिकतीय. आता शेवटचं वर्ष आहे. आज तिची परीक्षा आहे, म्हणून ती इथं न्हाई. इतकी वर्षं मी तिच्याशी बोललो न्हाई. बाई मात्र तिला कार्डं लिहीत राहिल्या.

हे बाईंनी मला लिहिलेलं शेवटचं कार्ड. दिवाळीपासून खिशात आहे, कडा मऊ झाल्यात. माझ्या खोकल्याची चौकशी आहे, म्हशीची आहे, शेजारच्यांची आहे. आणि खाली बारीक अक्षरात: "रेणूला लिहा. सल्ला नको, चौकशी करा. उत्तर लवकर पाठवा."

मी उत्तर पाठवलं न्हाई. मला वाटलं, बाई कुठं जातात? भिंत सरळ दिसत होती ना!

काल घरी खिडकीतली उतरंड उतरवली, बाई. वरचा तांब्या घेऊन आलोय. हा बघा, भरलेला आहे. जमीन हलली तर हलेल. पोर पडली तर पडेल, उठेल. भिंत मी बांधली तेवढी माझी. त्यात कुणी कसं राहायचं, ते माझं न्हाई. मला हे शिकायला तुम्हाला जावं लागलं, याची लाज वाटते.

मंडळी, आता उभे राहू. काशीबाई, तुम्ही बसूनच राहा. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. श्रीकांतराव, फोन मात्र बंद करू नका. त्याच्यात आधी चार शब्द भरतो.

रेणू, मी आजोबा. तुझी तब्येत कशी आहे? जेवण वेळेवर होतं का? पेपर कसा गेला, ते विचारत न्हाई. तुमच्या कॉलेजात भिंतीतला लांब दगड शिकवतात का गं? न्हाई शिकवला तर माझ्याकडं ये. मी दाखवीन.

उत्तर लवकर लिही, पोरी. मी वाट बघतोय. फाटकाजवळ न्हाई. घरी.