मिरजेतला ठिपका

आमच्या तासगावच्या दत्ताची जीप आठवते ना? हौसेनं त्यानं तिच्यात रेडिओ ट्रॅकर बसवला होता. चावी फिरवली की प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा आणि जीप कुठं आहे ते मोबाईलच्या नकाशावर ठिपक्यानं दिसायचं.

दत्ता गेल्यावर काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, बॅटरी उतरंल म्हणून जीप शेडातच चालू केली, तर ठिपका अजून मिरजेच्या दवाखान्यातच दिसतुया."

मी जाऊन बघितलं. दत्ताला दवाखान्यात उतरवताना जीपीएसची वायर निसटली होती, त्यामुळं प्रोग्राम सुरू झाला की तीच शेवटची जागा दाखवायचा.

"वायर खोचतो वहिनी, ठिपका लगेच घरी येईल."

"नगा खोचू, भावजी. तिथं हुते तवर ह्ये बोलत तरी हुते."