गाडी वर

"हॅलो?… कोण, लोर्ना? अगं जरा मोठ्यानं बोल, कुत्रं भुंकतंय… हो, आलाय. न्हाणीघरात आहे… अगं ऐक ना, रक्त धुतोय तो. त्याचं थोडं, बाकीचं तुझ्या नवऱ्याचं."

ग्लेंडानं रिसीव्हर मानेत धरला आणि ओव्हनचं दार उघडून आत डोकावून पाहिलं. आत लोर्नाच्याच घरून आलेली मेंढराची तंगडी भाजत होती. सकाळी दोघींच्या नवऱ्यांनी भर रस्त्यात एकमेकांची तोंडं फोडली, पण म्हणून रविवारचं जेवण टाकून द्यावं असं तिला काही वाटलं नव्हतं. तिनं चमच्यानं चरबी वरून ओतली आणि दार लावलं.

"नाक मोडलं?… बरं. मग आमच्या क्लाइव्हचा पुढचा दात तुझ्या नवऱ्याच्या कोटाच्या बाहीत बघ. सापडला तर ठेव… मी चेष्टा करत नाहीये."

दोघी सख्ख्या बहिणी, इंग्लंडच्या दक्षिणेतल्या केंटच्या. थोरली ग्लेंडा सायकलवरून उत्तरेतलं यॉर्कशर बघायला आली आणि क्लाइव्हशी लग्न करून याच खोऱ्यात राहिली. धाकटी तिच्या लग्नाला आली ती नेव्हिलच्या शेतावर राहिली. तेव्हापासून कुणी कुणाला आधी फोन केला आणि कुणाच्या नवऱ्यानं कुणाच्या नवऱ्याला काय म्हटलं, याचा हिशेब दोघींनी मनात चोख ठेवला होता. आजच्या दिवसानं तो पार कोलमडला होता.

दर रविवारी क्लाइव्ह आपल्या सायकलवाल्यांना हॅगडेलच्या चर्चवरून वर चढवायचा, गिरणीकडे सोडायचा, पुन्हा चढवायचा आणि किर्कब्रोच्या बेकरीपाशी चहाला थांबवायचा. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांची कुंपणं, मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. पाखरांची घरटी रिकामी झाली की नेव्हिल ही कुंपणं यंत्रानं छाटतो आणि काटे रस्त्यावर तसेच सोडतो. शेतकरी म्हणतात, वेळ नसतो. सायकलवाले म्हणतात, मुद्दाम सोडतात. नेव्हिलच्या बाबतीत सायकलवाल्यांचं खरं होतं. तो शनिवारीच छाटायचा.

आज काटे घुसले, टायर फुटले, शिव्या झाल्या. कशीबशी मंडळी पुन्हा निघाली, तर मागून नेव्हिलचीच गाडी. तिनं माइल्स नावाच्या नव्या सायकलवाल्याला उडवून दगडी भिंतीवर आपटलं. शाळेत भूगोल शिकवणारा माणूस, मांडी जिथं वाकत नाही तिथून वाकवून पडला, जबडा एका बाजूला. क्लाइव्हनं नेव्हिलला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि हवा भरायच्या पंपानं तोंडावर मारत सुटला, पंप वाकेपर्यंत. नेव्हिलनं त्याचं डोकं धरून बॉनेटवर आपटलं. पोलीस येऊन माइल्सला दवाखान्यात हलवत होते तेव्हा क्लाइव्हनं तुटक्या दातांतून सांगितलं, यानं नेम धरून घातली गाडी.

"मग पोलिसांनी काय करायचं म्हणतेस?… अगं, पण हाडवैर आहे हे सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. काटे टाकणारा माणूस गाडी घालणार नाही, हे कोण मानेल?… रडू नकोस. हवालदार आहे का तिथं अजून?… तुझ्या स्वयंपाकघरात? चहा दिलास?… मग नेव्हिल कुठंय?"

पलीकडून जे आलं ते ऐकताना तिचा चमचा हातातच राहिला.

"मागच्या दारानं?… जुनी गाडी घेऊन? कोयता कशाला घेतलाय त्यानं बरोबर?"

खिडकीतून तिला दिसलंच. सकाळची गाडी पोलिसांनी अडकवून ठेवलेली, म्हणून गंजलेली जुनी घेऊन नेव्हिल वरच्या वळणावर थांबला होता. नाकाला फडकं बांधलेलं, हातात कुंपण तोडायचा कोयता. तो उतरला आणि चालत खाली येऊ लागला.

"आला गं… नाही, मी दार लावलंय. खिडकी उघडी आहे, पण तो घराकडे येत नाहीये. गॅरेजकडे गेला."

गॅरेजात क्लाइव्हच्या सायकली खुंटीला टांगलेल्या होत्या. पहिल्या घावाला चाकाच्या तारा तुटल्याचा आवाज आला, तुणतुण्यासारखा. मग एकेक. तो शांतपणे तोडत होता, लाकडं फोडावीत तसा. न्हाणीघरात पाणी बंद झालं.

"ऐकतेस ना? हा माझ्या वडिलांनी दिलेल्या सायकलीचा आवाज… हो, आपल्या वडिलांनी. बरोबर आहे… अगं, तो घाबरलाय तर कोयता कशाला? काय म्हणायचंय त्याला?… ब्रेक मारला होता, हो, ते तू मघाशीच सांगितलंस. तो माणूस आपणहून मध्ये आला, हेही सांगितलंस… एक मिनिट. परत सांग. माइल्स कुठं बघत होता?"

जिन्यावरून क्लाइव्ह धडधडत खाली उतरला. उघडाबंब, कमरेला फक्त पँट, हातात कोळशाचं फावडं. ग्लेंडानं हात आडवा केला, तो बाजूला सारून तो बाहेर गेला. ती त्याच्या मागं गेली नाही. ती खुर्चीवर बसली.

"पुढं? नेव्हिलनं स्वतः पाहिलं?… क्लाइव्हची हाक ऐकून माइल्सनं मान वर केली, पुढं बघितलं, आणि मग काटे चुकवायला मधोमध आला… लोर्ना, हा माइल्स कुठला गं?… हो ना. आपल्याकडचाच. केंटचा."

सायकलवाल्यांची एक हाक असते, गाडी वर. पुढच्यानं किंवा मागच्यानं ती दिली की सगळे सावध होतात. पण उत्तरेत वर म्हणजे अंगावर, मागून येतेय. दक्षिणेत वर म्हणजे रस्त्याच्या वरच्या अंगाला, समोरून येतेय. ग्लेंडाला हे कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात क्लाइव्ह ओरडला, गाडी वर, आणि ती बावळटासारखी पुढं बघत रस्त्याच्या मधे आली. दुधाच्या गाडीनं तिला कुंपणात फेकलं. तिचं डावं कोपर अजून सरळ होत नाही. क्लाइव्ह हा किस्सा प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात रंगवून सांगतो, आणि लोक हसतात.

म्हणजे त्याला माहीत होतं. नव्या गड्याला मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

"काही नाही… नाही, काही नाही म्हटलं ना. ऐकतेय मी." बोललं तर क्लाइव्ह पोलिसांपुढं खोटा ठरणार, आणि खोऱ्यात त्याच्या मागून कुणी सायकल काढणार नाही. नाही बोललं तर बहिणीचा नवरा तुरुंगात, माणूस मारायला निघाला होता म्हणून. पलीकडे लोर्ना तिच्या नावानं हाका मारत होती.

बाहेर फावडं कोयत्यावर आदळलं. कोयता उडून गवतात पडला. मग फावडं नेव्हिलच्या बरगडीत बसलं, आणि त्यानं ते हिसकावून दांड्यानं क्लाइव्हचं कपाळ फोडलं. रक्त दोन्ही डोळ्यांत उतरलं. आंधळा झालेला क्लाइव्ह चाचपडत पुढं आला आणि त्यानं नेव्हिलचा गळा धरला. दोघं रस्त्याच्या मधोमध आले, क्लाइव्हचं तोंड चढाकडे, नेव्हिलची पाठ.

"मारतायत गं एकमेकांना… हवालदाराला पाठव… काय? गाडी कुठं लावलीय त्यानं? वर, वळणावर. उतारावर आहे, हो… दगड? कसला दगड?… हँडब्रेक नाही म्हणजे? चाकाखाली दगड लावायला लागतो म्हणजे काय, लोर्ना?"

वळणावरची गाडी हलली होती. आवाज नाही, माणूस नाही, नुसती खाली येत होती. आधी सावकाश, मग तशी नाही.

ग्लेंडा खिडकीतून ओरडली. इतकी वर्षं सासरी काढली, पण भीतीच्या वेळी तोंडातून निघाली ती माहेरची हाक, समोरून या अर्थाची.

"गाडी वर. क्लाइव्ह, गाडी वर."

क्लाइव्हनं हाक ऐकली. जन्मभराच्या सवयीनं त्यानं मान वळवून मागं, उताराकडे पाहिलं. रक्तातून जेवढं दिसलं तेवढा रस्ता मोकळा होता. तो तसाच उभा राहिला.

नेव्हिलला सायकलवाल्यांचं वर-खाली काही कळत नव्हतं. त्याला फक्त गाडी एवढंच कळलं. त्यानं क्लाइव्हच्या छातीवर डोकं मारलं आणि दोघं एकदमच रस्त्याकडेच्या चरात कोसळले. मागचं चाक क्लाइव्हच्या घोट्यावरून गेलं. तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. गाडी तशीच बागेची भिंत फोडून टेलिफोनच्या खांबावर जाऊन बसली. खांब करकरला आणि कलायला लागला. रिसीव्हरमध्ये खरखर सुरू झाली.

"आहे, आहे मी… जिवंत आहेत. दोघंही, लोर्ना, दोघंही. क्लाइव्हच्या पायाचा भुगा झालाय… रड नंतर. हवालदाराच्या हातात फोन दे. आत्ता. खांब पडतोय."

फोनची वायर लांब होती. ग्लेंडानं रिसीव्हर हातभर खिडकीबाहेर धरला.

"क्लाइव्ह, मी हाक मारली तेव्हा कुठं बघितलंस?"

"मागं." तो चरातून विव्हळत म्हणाला. "तू म्हणालीस वर. मी मागं बघितलं. मागं काहीच नव्हतं." कॉलर धरायला त्याच्या अंगात सदराच नव्हता, म्हणून नेव्हिलनं त्याचा दंड धरून ठेवला होता, आणि तो अजून सोडला नव्हता. क्लाइव्हनं त्या हाताकडे पाहिलं.

"तो मास्तर पुढं बघत राहिला असणार," तो म्हणाला. "यानं नाही घातली गाडी. माझी हाक होती."

"हेच सांगत होतो मी," नेव्हिल तुटक्या नाकातून म्हणाला, "तर तोंडात पंप घालत होतास."

ग्लेंडानं रिसीव्हर कानाला लावला. "हवालदारसाहेब, ऐकलंत?… काय ऐकलंत तेवढं सांगा… नाही, पुढं नाही, मागं. तुम्हाला नीट… हॅलो?… हॅलो?"

खांब आडवा झाला होता. तारा गाडीवर लोंबत होत्या. तिनं आणखी एकदा हॅलो म्हणून पाहिलं, मग रिसीव्हर जागेवर ठेवला, ओव्हन बंद केला आणि दोन टॉवेल घेऊन बाहेर गेली. एक तिनं नेव्हिलकडे फेकला. दुसऱ्यानं क्लाइव्हचा घोटा आवळून बांधताना तो किंचाळला, तरी तिनं ढिला केला नाही.

"हवालदार येईल आता," ती म्हणाली. "आला की त्याच्यासमोर हे पुन्हा सांगायचं. आणि वर म्हणू नकोस. मागून म्हण."