सोनियानं गाडी थांबवली

कन्नडहून संभाजीनगरला निघालेली एसटी मधेच रस्त्याकडेला थांबली होती. एक आठ-नऊ वर्षांची पोरगी लिंबाभोवती पळत होती. कामावर जायला उशीर झाल्यानं वैतागलेली रत्नमाला खाली उतरली, तर पोरीची आई आणि एक म्हातारी तिथंच उभ्या राहून बोलताना तिला ऐकू आल्या.

“पोरीपायी सगळी गाडी खोळंबली. दोन ठेवून द्यायच्या की!” म्हातारी म्हणाली.

“मारून काय होतंय, मावशी? हिला जन्म देणारी पोटुशी असताना दारू प्यायची. पोटातच मेंदूला इजा झाली, असं डॉक्टर म्हणाले. गोंगाट झाला की सोनिया बिथरती.”

“म्हंजी पोरगी तुमची नव्हं?”

“माझीच. दत्तक घेतली.”

“लई अवघड काम.”

“हाय की. परवा ह्यांचा चष्मा वरणात शिजवला.”

“अगं बया! मग?”

“ह्यांनी धुऊन घातला. दिवसभर नाकाशी हिंगाचा वास!”

“आन् आज काय झालं?”

“आज म्हणाली, ‘आई, मला खाली उतरव, मी चावणार हाय.’ आजवर आधी चावायची, मावशी. सांगितलं पहिल्यांदाच. मग गाडी थांबवायला मी कंडक्टरच्या पायाच पडले. जरा पळाली की शांत होती.”

तेवढ्यात कंडक्टरनं दारातून हाक मारली.

“चला, बसा लवकर!”

“आरं थांब की!” म्हातारी ओरडली. “लेकरू अजून पळतंय, दिसत नाय व्हय?”