फुटपाथवरून उतरवलेली स्कूटर

मी, वय ४९ वर्षे, धंदा केशकर्तनालय, राहणार दुकानाच्या वरच्या खोल्या, बाजाररस्ता, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी व माझी पत्नी असे दोघे राहतो. पत्नी परिचारिका असून घरोघरी जाऊन बाळंतिणींना व तान्ह्या बाळांना तपासते. रोजची पायपीट झेपेना म्हणून तिने उभ्याने चालवायची छोटी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली.

घेताना दुकानदार म्हणाला, "ताई, हिला ना लायसन लागत, ना पासिंग." तरी मनात शंका नको म्हणून आम्ही परिवहन कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितले की, असल्या गाडीची नोंद आमच्याकडे होतच नाही. मग रस्त्यावर चालवायची की नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "ते पोलिसांना विचारा."

पत्नी सुरुवातीला फुटपाथवरून जात असे. गेल्या आठवड्यात याच ठाण्याच्या वाहतूक हवालदारांनी तिला हटकले, "बाई, फुटपाथ माणसांसाठी आहे. खाली रस्त्यावर उतरा." तेव्हापासून ती रस्त्याच्या अगदी कडेने जात होती.

आज सकाळी मी गिऱ्हाइकाची दाढी करत असताना पत्नी कामाला निघाली. दुकानाच्या दारातून ती मला दिसत होती. तेवढ्यात मागून एक पांढरी मोटार भरधाव आली. तिची धडक बसून पत्नी गटाराच्या कठड्यावर आपटली. मोटार थांबली. चालकाने काच खाली केली, तिच्याकडे पाहिले, काच वर केली आणि निघून गेला. गिऱ्हाईक तोंडाला साबण तसाच ठेवून माझ्याबरोबर धावला. मोटारीचा नंबर त्यानेच टिपला. पत्नी इस्पितळात असून तिचे खुब्याचे हाड मोडले आहे. डॉक्टर म्हणतात, त्या चालू शकतील, पण जिने विसरा. तिच्या बाळंतिणी बहुतेक वरच्या मजल्यांवर राहतात.

मी फिर्याद द्यायला आलो असता ठाणे अंमलदारांनी आधी स्कूटरचा नंबर विचारला. नंबर नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग दादा, गुन्हा तुमच्या मिसेसवरही दाखल होईल. त्यापेक्षा इस्पितळात जा, त्यांच्याकडे बघा." मी म्हणालो, "रस्त्यावर तुमच्याच माणसाने उतरवलं तिला." ते म्हणाले, "लेखी आहे का?"

मी बाहेर जाऊन पत्नीला फोन लावला. तिला बोलवत नव्हते. तरी म्हणाली, "माझ्यावर काय करायचं ते करू देत. पण त्याने मला बघितलं आणि गेला, हे लिहून घ्यायला सांग."

तरी सदर मोटारचालकाविरुद्ध माझी तक्रार आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात पत्नीचे म्हणणे गाळले होते. ते लिहीपर्यंत मी समोरून उठलो नाही. आता बरोबर आहे.