गोवर्धन चिप्पानं कुठल्या भाषेत दुकान मांडलं?

हं! बुक्का लागला, हार गळ्यात पडला, आमच्या पेटीवाल्या भाऊरावांचा चहासुद्धा झाला! आता आख्यान. मागं खांबाला टेकलेली मंडळी, जरा पुढं सरका. झोप काय, पुढं बसूनही येते!

तर मंडळी, आधी एक विचारतो. माणसानं जीव कुठं लावावा? जिथं अफाट गर्दी आहे तिथं, का जिथं चारच माणसं आहेत, पण आपल्याला नावानं हाक मारतात तिथं? अं? मनात म्हणताय, महाराज, हे काय विचारणं झालं, हाक मारतात तिथंच की! हो, देवळात बसून सगळ्यांना सोपं वाटतं. बाहेर जाऊन चपला घातल्या की मग अवघड होतं!

ऐका. आज पुराणात जात नाही मी. आपल्या शेजारच्या सोलापुरात जातो. तिथं एक गोवर्धन चिप्पा. पद्मशाली समाजाचा, विणकराचा मुलगा. घरात बोलणार तेलुगू, बाजारात मराठी, आणि भिंतीपलीकडचे शेजारी कन्नड. घरात म्हातारी आई राजम्मा आणि बायको पद्मिनी. वडिलांच्या वेळी मागच्या शेडमध्ये चादरीचे माग दिवसभर खडखडायचे. पुढं धंदा बसला. एकेक माग भंगारात गेला. शेवटचा माग टेम्पोत चढवला, त्या दिवशी गोवर्धन जेवला नाही.

मेव्हणा भिवंडीचा. त्याचा फोन — "भावजी, इकडं या. कारखान्यात सुपरवायझर करतो तुम्हाला." पण राजम्मा? ती म्हणाली, "बिड्डा," म्हणजे लेकरा, "तू जा. मी मार्कंडेयाचं देऊळ सोडून कुठं येत नाही." आता आईला एकटं टाकून जायचं का? गोवर्धनाच्या जिवाला घोर लागला. भिवंडी टळावी, आई तुटू नये, एवढंच त्याला हवं होतं. मेव्हण्याला म्हणाला, "एक वर्ष थांब."

आणि त्या वर्षात यानं काय केलं? माग विकून आलेल्या पैशांची नावं घेतली! नावं? होय, नावं! कसली, ते सांगतो. हे बघा, इंटरनेटवर दुकान मांडायचं तर पत्ता लागतो. त्याला डोमेन म्हणतात. पूर्वी हा पत्ता इंग्रजीतच लिहावा लागायचा. आता देवनागरीत लिहा, तेलुगूत लिहा, चिनीत लिहा — चालतं! मग काही हुशार लोक काय करतात? चांगली चांगली नावं आधीच घेऊन ठेवतात आणि पुढं ज्याला हवं त्याला विकतात. रस्ता व्हायच्या आधी प्लॉट धरून ठेवतात ना, तसं! फक्त दरवर्षी फी भरायची. नाही भरली, तर नाव गेलं हातचं.

मग प्रश्न आला — भाषा कुठली? झालं! गोवर्धन फोन घेऊन बसला. जगात कुठली भाषा किती लोक बोलतात, ते बघायला लागला. चिनी! केवढी माणसं! अरबी! केवढा पैसा! जपानी! केवढी शिस्त! आणि रशियन. रशियन का रे बाबा? तर म्हणे, तीन बऱ्या दिसत नाहीत, चौथी असावी! हसू नका. लेकीला स्थळ बघताना तुम्ही याच्याहून फार वेगळं काही करता का?

पद्मिनी शेजारी टॉवेलच्या घड्या घालत होती. घराच्या ओट्यावर ती चादरी, टॉवेल, पंचे विकायची. ती म्हणाली, "अहो, तेलुगूत घ्या की एखादं. कन्नडात घ्या. मराठीत घ्या."

"तेलुगूत कोण बघतंय? आपले लोकसुद्धा इंग्रजीच मारतात. आणि मराठी माणूस? तो मराठीत नाव विकत घेईल? हॅ!"

का हसलात? तुमच्याबद्दलच बोलला तो!

घेतली नावं. चादर, रजई, टॉवेल, गालिचा — डिक्शनरीतून एकेक शब्द उचलला आणि त्या चारही भाषांत घेऊन ठेवला. आणि वाट बघत बसला. पाऊस झाला, गणपती झाले, दिवाळी झाली. गिऱ्हाईक? चिटपाखरू फिरकेना! पद्मिनी रोज विचारायची, "आला का हो तुमचा जपानी?" मंडळी, बायकोचं हे विचारणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक!

आणि एक दिवस आलं हो! चीनमधल्या एका रजईवाल्याचं विचारणं आलं. गोवर्धनाला हर्ष मावेना! इस्त्रीचा शर्ट घातला, कपाळाला गंध लावलं, देवाला नारळ फोडला आणि बसला फोनसमोर. पलीकडं एक वयस्कर गृहस्थ, चांगले हसतमुख. ते बोलायचे चिनीत, फोन सांगायचा इंग्रजीत. हा बोलायचा मोडक्या इंग्रजीत, फोन सांगायचा चिनीत. पहिल्या पाच मिनिटांत दोघंही नुसते मान हलवून दमले!

मग त्या गृहस्थांनी एक साधा प्रश्न विचारला. "हे नाव तुम्ही कुणासाठी घेतलंत?"

बस्स. एवढंच. म्हणजे, तुमचं इथं कोण आहे? कुणाच्या घरात हे अंथरलं जाईल असं मनात होतं? आता गोवर्धन काय सांगणार? तुम्ही फार जण आहात म्हणून घेतलं, असं सांगायचं? तो नुसता हसला. तेही हसले. नम्रपणे मान लववली त्यांनी, आणि फोन बंद झाला. पुन्हा काही आला नाही.

गोवर्धन ओट्यावर येऊन बसला. पद्मिनीला म्हणाला, "अगं, ज्या भाषेत मला पाणी मागता येत नाही, त्या भाषेत मी दुकान मांडून बसलोय!" आणि डोळे भरून आले हो त्याचे. आई तुटणार, भिवंडी अटळ, आणि मागाच्या जागी हाती काय तर न वाचता येणारी अक्षरं!

तेवढ्यात ओट्यावर गिऱ्हाइकं आली. अक्कलकोटकडची एक बाई आली. "बर्री अक्का, बर्री," म्हणजे या, या, म्हणत यानं तिला कन्नडात चादर दाखवली. पाठोपाठ शेजारची यन्नमवहिनी आली, तिला तेलुगूत सांगितलं, पहिल्या धुण्याला गरम पाणी घालू नका. मग एक गुरुजी आले. त्यांना मराठीत सांगितलं, चादर नेहमी काठाला धरून बघावी, काठ घट्ट तर चादर टिकेल. तिघंही पिशव्या भरून गेले. पद्मिनी कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "आता हेच चिनीत सांगून बघा!"

गोवर्धन चपापला. सगळ्या जगाच्या भाषा मोजून झाल्या होत्या त्याच्या, पण स्वतःच्या तोंडातल्या तीन मोजायच्या राहिल्या होत्या!

आणि आत काय चाललंय? राजम्मा फोनशी बोलतेय. फोनला तेलुगूत सांगायची ती, हे दाखव, ते दाखव. फोनला कळायचंही! पण समोर उघडायचं सगळं इंग्रजीत. मग फोन सुनेकडं सरकवायचा आणि म्हणायचं, "सदवु, सदवु." वाच गं, वाच. रोजचं होतं ते. गोवर्धनानं ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

फी भरायची वेळ आली. पैसे एवढेच, की जुनी नावं राखायची, नाहीतर ती सोडून नवी घ्यायची. आता सोडायचं म्हणजे! अहो, माळ्यावरचा फुटका डबा सुटत नाही आपल्याला, "असू दे, कधी लागेल!" इथं तर अख्ख्या मागाचे पैसे गुंतलेले. दिवसभर घालमेल झाली त्याची. संध्याकाळी म्हणाला, "पद्मिनी, सोडली सगळी."

पद्मिनीनं काय म्हणावं? तुम्हाला वाटेल, ती म्हणाली असेल, नाथ, धीर धरा! छे! ती म्हणाली, "मी आधीच सांगत होते! तेव्हा का नाही ऐकलंत?" खरी बायको हो, पुराणातली नव्हे! पण भडाभडा बोलून झाल्यावर शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "नवी घ्यालच, तर कुलूप लावून ठेवू नका. नाव घेतलं की दार उघडा."

मग घेतली तेलुगू, कन्नड आणि मराठी नावं. मोजकीच, आणि ज्यातलं त्याला कळतं त्याचीच. पहिलं नाव घेतलं दुप्पटि. तेलुगूत चादरीला दुप्पटि म्हणतात. त्या पत्त्यावर पद्मिनी तेलुगूत आवाज रेकॉर्ड करून सांगायला लागली — चादर कशी पारखावी, कशी धुवावी, कशी घडी घालावी. गोवर्धन तेच मोठ्या अक्षरांत खाली लिहायचा. कन्नड पत्त्यावर कन्नडात, मराठीवर मराठीत. लोक बघायला लागले. पण घर चालावं असं काही होईना. मेव्हण्याचा निरोप — "दसऱ्याला या, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो." गोवर्धनानं बॅग भरली. राजम्मानं त्यात शेंगाचटणीची पुडी घातली आणि तोंड फिरवून बसली.

आणि फोन वाजला! तेलंगणाकडच्या विणकर बायकांच्या सोसायटीची अध्यक्षीण. पहिलं वाक्य काय? भाव किती? नाही! "मी इंटि पेरु एमिटि?" तुमचं आडनाव काय? ही त्या लोकांची रीत हो! आधी आडनाव, मग घरदार, मग नातं, आणि मग धंदा. "चिप्पा? कुठले चिप्पा? अय्यो, माझी धाकटी बहीण तिकडंच दिलीय, यन्नमांच्यात!" ती बहीण म्हणजे तीच हो, शेजारची यन्नमवहिनी!

गप्पा रंगल्या. आणि मग त्या बाईनं विचारलं, "बाबा, एवढं सोन्यासारखं नाव. कुणासाठी घेतलंस?"

मंडळी, तोच प्रश्न! या वेळी गोवर्धन अडला नाही. म्हणाला, "माझ्या आईसाठी, अक्का. तिला फोनशी बोलता येतं, पण फोन दाखवतो ते वाचता येत नाही. तिला सुनेला हाक मारायला लागू नये, म्हणून घेतलं."

पलीकडून बाई म्हणाली, "आमच्याकडं घरोघर अशा आया आहेत रे. नाव विकू नकोस. आम्हाला भाड्यानं दे. आमच्या विणीच्या चादरी तिथं मांड आणि दार तूच सांभाळ. आणखी दोन सोसायट्या विचारतायत, त्यांचंही दुकान तूच मांड." बोला, दसऱ्याच्या आधी बॅग रिकामी झाली! चटणीची पुडी तेवढी त्याच दुपारी भाकरीबरोबर संपली.

धंदा बसेपर्यंत आईला काही दाखवायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. त्या संध्याकाळी राजम्मा फोन घेऊन बसली. फोनला म्हणाली, "दुप्पटि." दार उघडलं. अक्षरं तिची, आवाज ओळखीचा! "अय्यो! ही तर आपली पद्मिनी बोलतेय!" आणि चष्मा सरसावून, बोट ठेवून, म्हातारीनं स्वतः वाचायला घेतलं. फोन सुनेकडं सरकवला नाही. गोवर्धन दारात उभं राहून ऐकत होता आणि रडत होता.

आता मंडळी, गोवर्धन राहिला सोलापुरात. तुमचं काय? आपल्या या देवस्थानचं संकेतस्थळ आहे म्हणे. मी बघितलं दुपारी. इंग्रजीत! पत्ता इंग्रजीत, उत्सवाची पत्रिका इंग्रजीत, देवाची माहितीसुद्धा इंग्रजीत! अध्यक्षसाहेब, हसताय? साहेब, विचारतो हं — हे कुणासाठी घेतलंत? या पुढं बसलेल्या आजी बघा, ओटीत फोन आहे त्यांच्या. आजी, दाखवा तो फोन! बघा!

आणि साहेबांनाच कशाला पकडू? तुम्ही दुकान मांडाल, शाळा काढाल, लेकराला नवी भाषा शिकवाल — जरूर शिकवा, चिनीसुद्धा शिकवा! पण आधी एकदा स्वतःला विचारा, कुणासाठी? उत्तरात एखाद्या माणसाचं तोंड डोळ्यांसमोर आलं, तर खुशाल जीव लावा, देव पाठीशी आहे. नुसती गर्दी दिसली, तर थोडं थांबा.

चला, उठा, आरतीचं ताट येतंय. अध्यक्षसाहेब, तुम्ही आजींच्या शेजारी उभे राहा. त्यांना काहीतरी विचारायचंय तुम्हाला.