सहाशेच्या शेजारी छप्पनशे

नमस्कार. आपण सगळे आलात. अशा वेळी बोलणं अवघड असतं, आणि त्यातला निम्मा दोष या माईकचा आहे. कोणी जरा गहिवरून बोलायला लागलं की हा शिट्टी मारतो. मागच्या वार्षिक सभेत नवा माईक मंजूर झाला. इतिवृत्तात आहे. इथे नाही. गद्रे सरांसारख्या माणसाला निरोप देताना मधेच शिट्टी वाजावी, याचा मी तीव्र निषेध नोंदवतो. चिटणीस समोरच बसलेत, म्हणून आत्ताच.

उरलेला निम्मा दोष माझा आहे.

मी पहिल्या मजल्यावर राहतो. सर बरोबर माझ्या खाली, तळमजल्यावर. बँकेच्या परीक्षांचा त्यांचा क्लास तिथेच. सर गेले त्याला आज आठवडा झाला. क्लास मात्र त्याच्या तीन आठवडे आधीपासून बंद आहे. का बंद आहे? सोसायटीच्या फलकावर एक तक्रारपत्र लागलं होतं म्हणून. आपण सगळ्यांनी ते वाचलंत. काहींनी फोटो काढून पुढे पाठवलंत. माना हलवू नका, मला आले होते ते फोटो. माझंच पत्र मला सात जणांनी पाठवलं.

आज सात वाजता याच हॉलमध्ये समिती बसणार आहे. क्लास कायमचा बंद करायचा, की सरांची मुलगी मंजिरी तो पुढे चालवेल, हे ठरणार आहे. अकरा मुलं आहेत. पुढच्या रविवारी त्यांची परीक्षा आहे. म्हणून मी इथे उभा आहे.

मी संशयी माणूस आहे. दूधवाल्याने पिशवी वेळेवर टाकली तरी मी तारीख बघतो. तर दुपारी खिडकीतून सरांचा आवाज यायचा. "मुद्दल पाच हजार. दरसाल दरशेकडा आठ. मुदत अठरा महिने. सरळव्याज किती?" आणि पाच सेकंदांत मुलं ओरडायची, "सहाशे!"

पाच सेकंदांत? मला कागद लागला. कॅल्क्युलेटर लागला. उत्तर सहाशेच होतं, हे तर अधिकच संशयास्पद.

पुतण्यासाठी क्लासची चौकशी करायची म्हणून मी खाली गेलो. मला पुतण्या नाही. तीन दिवस शेवटच्या बाकावर बसलो. मुलं वहीत काही लिहीत नव्हती. नुसती पर्यायांकडे टक लावून बघायची आणि बोट ठेवायची. बोट बरोबर पडायचं. मी घरी आलो आणि पत्र लिहिलं. 'ज्या क्लासात प्रश्नाआधी उत्तर पोहोचतं, त्या क्लासात प्रश्नपत्रिका कुठून पोहोचते?' वाक्य मला फार आवडलं होतं. दोनदा मोठ्याने वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून पालकांचे फोन सुरू झाले. चौकशी होईपर्यंत क्लास बंद, असं समितीने ठरवलं. चौकशी कोणी केली? कोणीच नाही.

सर जिन्यात भेटले. म्हणाले, "अहो, पत्र वाचलं तुमचं. शुद्धलेखन निर्दोष आहे."

मी म्हणालो, "आभारी आहे."

"उत्तर चुकलंय. कुठे चुकलात ते बघायचं असेल तर खाली या. दहा मिनिटं लागतील."

मी गेलो नाही. का गेलो नाही? कारण ते बरोबर असतील असा मला संशय होता.

परवा सरांची एक विद्यार्थिनी माझ्या दारात आली. वैष्णवी. यवतमाळची मुलगी, इथे हॉस्टेलला राहते. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी आहे. हातात सरांनी छापलेला सरावाचा कागद. म्हणाली, "काका, तुम्हीच लिवलं ना ते? मंग बसा अन् हे बघा."

तोच प्रश्न. खाली चार पर्याय. चारशे, सहाशे, छप्पनशे, बहात्तरशे.

मी पेन काढलं. ती म्हणाली, "कायले सोडवता? छप्पनशे सहाशेच्या बाजूलेच बसला हाय ना!"

मंडळी, मला कळेना. मग तिने समजावलं. सर त्यांना सांगायचे, पेपर काढणारा माणूस आळशी नसतो. तुम्ही काय चुकणार, ते तो आधीच चुकून बघतो. चार पर्यायांत एक उत्तर असतं आणि तीन माणसं असतात. माणसं ओळखा. बहात्तरशे म्हणजे अठरा महिन्यांना अठरा वर्षं समजणारा घाईवाला. चारशे म्हणजे वरचे सहा महिने विसरलेला. छप्पनशे म्हणजे व्याज विचारलं असताना त्यात मुद्दल घालून बसलेला. आणि छप्पनशेतून मुद्दल काढलं की उरतात सहाशे. चोराने चोरी करताना घरमालकाचा पत्ता खिशात ठेवावा, तसं. दरवेळी जमत नाही हे, असंही सर सांगायचे. जमलं नाही की निमूट सोडवा.

बस. एवढीच ती फुटलेली प्रश्नपत्रिका. सर मुलांना संशय घ्यायला शिकवत होते, आणि तोही माझ्यापेक्षा फार चांगला संशय. मी विचारलेल्यापेक्षा जास्तीचं उत्तर देऊन बसलो. मी छप्पनशे.

डॉक्टर म्हणतात, हृदय. वय झालं होतं. मंजिरीही तेच म्हणते, आणि माझ्याकडे न बघता म्हणते. मी डॉक्टरांवर संशय घेत नाही. बाकी कोणावर घेतो ते सांगायला नको.

चिटणीस, हे पत्र. तक्रार बिनशर्त मागे. तीन प्रती आहेत. एक तुम्हाला, एकीवर पोच द्या. आणि तिसरी आजच फलकावर लावा, जिथे पहिलं लागलं होतं तिथेच. तिचेही फोटो काढा, पुढे पाठवा. मला नाही पाठवलेत तरी चालेल.

आता एकच राहिलं. सरांच्या क्लासात पहिला दिवस फुकट असतो. मी तीन दिवस बसलो होतो. सरांनी कधी पैसे मागितले नाहीत. मंजिरी, ही दोन दिवसांची फी. मोजून घे. नाही, ठेवून घे म्हणत नाहीये, मोज. आणि मला पावती हवी. आजच्या तारखेची, क्लासच्या नावाची. सात वाजता समितीपुढे ठेवायची आहे, क्लास चालू असल्याचा पुरावा म्हणून.

मंडळी, उभे राहू या. ती पावती लिहून होईपर्यंत कोणी काही बोलू नका.